दिवेकरणीबद्दलचं मत

सोमवार, २ मार्च

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालते. मी ठीक आहे. प्रयोगशाळेत काम नेहमीचंच. गेल्या आठवड्यात एकशे चाळीस दाबमापकं तपासली, नऊ नापास केली. त्यातलं एक दाब शून्य असतानाही दोन दाखवत होतं, आणि त्याचा मालक म्हणत होता, "दोनच तर आहे, वजा करून वाचतो आम्ही." माणसं कशाचीही सवय करून घेतात.

तू फोन उचलत नाहीस. सतरा वेळा केला. म्हणून पत्र.

शनिवारी छापखानेवाल्या काकांकडे गेले होते. काका म्हणाले, "तुझ्या बहिणीनं लिहून दिलंय, 'कड्यावरचा दिवा'च्या उरलेल्या सगळ्या प्रती लगद्याला द्या. नऊ तारखेला गाडी येतेय." मी म्हटलं, एका मतावरून कोणी पुस्तक लगद्याला देतं का? तर म्हणाले, "मला काय विचारतेस? छापून द्या म्हणणारे रोज येतात. छापलेलं मोडा म्हणणारी ही पहिलीच. तिची दुसरी चिठ्ठी आली तर थांबवीन. तुझी चालायची नाही."

खेळाडूंच्या पत्रकातलं ते मत माझं आहे. खाली नाव नव्हतं, पण "पान ३१, ओळ ४" असं लिहिणारी तिथे मी एकटीच, तेव्हा तू पहिल्या वाक्यालाच ओळखलं असशील. आजवर मी टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या सव्वीस साहसांवर मतं दिली. कोणाला झुकतं माप दिलं नाही. बहीण म्हणून तुला दिलं असतं तर बाकीच्या पंचविसांवर अन्याय झाला असता. तुझे नकाशे उत्तम आहेत हे मी लिहिलं होतं. बुडालेल्या गावाचा आराखडा निर्दोष आहे हेही लिहिलं होतं. ते तू वाचलंस की नाही, ठाऊक नाही.

एक मत म्हणजे काही निकाल नाही. काकांना चिठ्ठी पाठव. एवढंच.

तुझी,
मोजपट्टी


गुरुवार, ५ मार्च

ताई,

सोमवारचं पत्र तुझ्या दाराखालून सरकवलं होतं. आज आले तर त्याचा एक कोपरा अजून बाहेर होता. तसाच.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. मशीन थांबवून म्हणाल्या, "तूच ना ती धाकटी? दहा दिवस झाले, तुझी बहीण जिना उतरलेली नाही. दारात डबा ठेवला तर संध्याकाळी उचलला, पण परत दिला तो भरलेलाच. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. भूक नाही म्हणजे काय गं? माणूस आहे की कपाट?" मी म्हटलं, सांगते तिला. जणू आपलं रोज बोलणं होतं.

ताई, मी एक नियम मोडला आहे. तो तूच शिकवला होतास. मी नऊ वर्षांची होते, तू पंधराची. वहीत तू लिहिलेलं पहिलं साहस मी वाचलं आणि म्हटलं, कंटाळवाणं आहे. तू वही काढून घेतलीस. "खेळल्याशिवाय बोलायचं नाही. साहस नुसतं वाचून मत देणं म्हणजे नकाशा बघून पाय दुखतात म्हणणं." आज पत्रकाच्या पहिल्या पानावर हाच नियम छापलेला असतो: मत देणाऱ्याने साहस शेवटपर्यंत खेळलेलं असावं.

'कड्यावरचा दिवा' मी खेळले नव्हते. वाचलंही अर्धंच होतं. चोपन्न पानांपैकी एकतीस.

म्हणून काल संध्याकाळी ते खेळायला घेतलं. सूत्रधार मी, पुस्तकातून वाचून खेळ चालवायला. टेबलाला आमच्या प्रयोगशाळेतला फिटर, दातवाल्या डॉक्टरीणबाई आणि चित्रकलेचे सर. साहस चार खेळाडूंचं आहे आणि खेळाडू तिघेच जमले, तेव्हा रीतीप्रमाणे चौथं पात्र सूत्रधारानेच चालवायचं. मी काही विचार न करता हो म्हटलं.

तुला खेळ कसा झाला ते सांगते. तुझं पुस्तक आहे, तुला कळायला हवं.

चार सोबती होडीने बुडालेल्या गावाकडे निघतात. कड्यावर दिवेकरीण दिवा धरते, कारण त्या उजेडाशिवाय खडकांतून परतता येत नाही. तेल बारा दिवसांचं. फिटर पहिल्याच दिवशी म्हणाला, "बारा दिवस? आपण पाचव्या दिवशी परत. लिहून घ्या." पाचव्या दिवशी त्याला कुलूपबंद पेटी सापडली. डॉक्टरीणबाईंना जखमी नावाडी सापडला. सरांना भिंतीवरची चित्रं उतरवून घ्यायची होती. तू कोणालाही वाईट कारण दिलेलं नाहीस. प्रत्येक वेळी सगळे म्हणत होते, "अजून एकच दिवस." बाराव्या दिवशी मी वाचून दाखवलं की तेल संपलं, आणि दिवेकरीण आता घरातलं सामान जाळते आहे. आधी पाट, मग खाट, मग स्टूल. सर म्हणाले, "अहो, मग चला ना!" फिटर म्हणाला, "पेटी उघडतेय, सर, थांबा की."

सतराव्या दिवशी ते परत आले. दिवा जळत होता.

पुढचं पान मी तेव्हा पहिल्यांदा वाचत होते. 'दिवेकरीण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: तुला उशीर का झाला? इथे फासा टाकू देऊ नये. उत्तर येईपर्यंत सूत्रधाराने थांबावं.'

मी फिटरला विचारलं. तो हसला. "पेटी होती हो. बंद पेटी कोण सोडतं?" मी थांबले. त्याने फासा हातात घेतला, परत ठेवला. म्हणाला, "वाटलं, तू आहेसच." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी विसरले होते तुला. मुद्दाम नाही. समोर इतकं काही चाललं होतं." सरांनी चष्मा काढून पुसला.

मी पुस्तक मिटायला लागले, तर फिटर म्हणाला, "ओ सूत्रधार, पळताय कुठे? तुमचं पात्र राहिलंय."

मी म्हटलं, ते तुमच्यातच धरा. तो म्हणाला, "असं कसं? आम्हाला घाम फोडलात, आता तुम्हालाही फुटू दे."

मग मी चौथ्या सोबत्याचं पान काढलं. सत्तेचाळिसावं. 'चौथ्या सोबत्याचं काम आठव्या दिवशीच संपतं. त्याची होडी तेव्हापासून काठाला तयार उभी असते. दिवेकरणीला हे कड्यावरून दिसतं. ती हे कोणालाही सांगत नाही.'

तुला माहीत होतं.

मी त्यांना सांगितलं की डोकं दुखतंय. पुस्तक टेबलावरच विसरून घरी आले.

ताई, दार उघड. निदान डबा खा.

मोजपट्टी


शनिवार, ७ मार्च

ताई,

मी तुझ्या जिन्यात बसून लिहिते आहे. तुझ्या दाराबाहेर, वरून तिसरी पायरी. आत तू चाललीस की फरशी वाजते, म्हणजे तू आहेस. दार दोनदा वाजवलं. आता वाजवणार नाही.

मत जसंच्या तसं इथे लिहिते, कारण मी ते लिहिलं तेव्हा तू समोर नव्हतीस आणि आता आहेस, मधे फक्त दीड इंचाची फळी आहे. 'पान ३१: दिवेकरणीला थांबायला पुरेसं कारण दिलेलं नाही. तेल संपल्यावर कोणीही शहाणं माणूस कडा उतरून जेवायला जाईल. हे पात्र काढून टाकलं तरी साहस चालतं. दहापैकी तीन.'

पान एकतीसवर ती स्टूल जाळते. 'त्याच्या एका पायाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती.' ते आपल्या स्वयंपाकघरातलं स्टूल आहे. त्यावर बसून तू आईला भरवायचीस. ती ट्यूब मी गुंडाळली होती. ते वाक्य वाचलं आणि मी पुस्तक बंद केलं, आणि त्याच बैठकीत मत लिहून टाकलं. नापास करायला वीस मिनिटं लागली. दाबमापकालासुद्धा मी याहून जास्त वेळ देते.

आता प्रश्नाचं उत्तर. फिटर सोडणार नाही आणि तू विचारणार नाहीस, म्हणून मीच देते.

आई वर्षभर अंथरुणावर होती. माझं परगावच्या प्रयोगशाळेतलं प्रशिक्षण आठ महिन्यांचं होतं. मी तुला कळवलं की ते वाढलं. ते वाढलं नव्हतं. अठरा ऑक्टोबरला संपलं, प्रमाणपत्रावर तारीख आहे. पुढचे चार महिने मी त्याच खोलीत राहिले आणि त्याच प्रयोगशाळेत कोणी न सांगितलेलं काम करत बसले. जुनी तापमापकं काढून तपासायची, नोंद करायची, परत ठेवायची. तू फोनवर विचारायचीस, "अजून किती दिवस गं?" मी म्हणायचे, साहेब सोडत नाहीत. साहेब मला रोज विचारायचे, "तू घरी का जात नाहीस?"

कारण हे आहे. सप्टेंबरात मी दोन दिवस आले होते, तेव्हा तू औषधं आणायला गेलीस आणि मी आईला पेज भरवली. तिला ठसका लागला. मला काय करावं ते कळेना. मी चमचा धरून उभी राहिले, ताई. नुसती उभी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग दाराकडे, तू येतेस का ते बघायला. तू आलीस, तिला पुढे वाकवलंस, पाठीवर थोपटलंस, ती बरी झाली. तू मला काही बोलली नाहीस. मी ठरवलं की या घरात माझा उपयोग नाही. ते मला सोयीचं पडलं.

आई गेली त्याच्या दोन दिवसांनंतर मी आले. तू म्हणालीस, "गाडी मिळाली नसेल लवकर." सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस. मला वाटलं, तू खरंच तसं समजतेस. सहा वर्षं मी त्या वाक्यावर जगले.

आणि तू सगळं कड्यावरून बघत होतीस. सहा वर्षं सांभाळून ते चोपन्न पानांत लिहिलंस, माझं नाव न घेता. मला वाटतं तू माझ्यासाठीच लिहिलंस. मी ते शेवटपर्यंत खेळावं, आणि टेबलावर कोणीतरी तो प्रश्न मला विचारावा, म्हणून. आणि मी काय केलं, तर दिवेकरणीला काढून टाका असं छापून आणलं.

पत्रकाला काल नवं मत दिलं आहे. नावासकट. त्यात लिहिलं आहे की आधीचं मत न खेळता, अर्धं पुस्तक वाचून, वैयक्तिक कारणाने दिलेलं होतं. पत्रकाचे संपादक म्हणाले, "यापुढे तुमची मतं छापता येणार नाहीत, कळतंय ना?" मी म्हटलं, छापू नका. काकांकडेही जाऊन आले. सोमवारची गाडी पुढे ढकला म्हणून हात जोडले. ते म्हणाले, "पोरी, पुस्तक तिचं आहे. तिला वाचवायचं असेल तर ती वाचवेल." मला त्यांना सांगायचं होतं की मी पुस्तकासाठी आलेले नाही. पुस्तक जाऊ दे लगद्यात. तू पुन्हा लिही, नाहीतर नको लिहूस. मला ती खोलीतली फरशी वाजत राहायला हवी आहे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागणं म्हणजे पुन्हा तूच काहीतरी देणं झालं.

शिंपीणबाईंनी आत्ता पेज आणून दिली आहे, तुझ्यासाठी. म्हणाल्या, "तू नेऊन दे." मी म्हटलं, ती माझ्या हातून घेणार नाही. त्या म्हणाल्या, "मग धरून बैस." धरून बसले आहे. भांडं गरम आहे, एका हाताने लिहिते आहे, अक्षर वाईट येतंय.

कामावर रजेचा अर्ज दिला. त्यात 'परत हजर होण्याची तारीख' असा रकाना असतो. मी तो कोरा ठेवला. साहेब म्हणाले, "तू? कोरा?" मी हो म्हटलं.

तू आज उघडलं नाहीस तर उद्या. मी इथेच आहे, तिसऱ्या पायरीवर. मला उशीर झाला, आणि त्याला कारण नव्हतं.

तुझी धाकटी