माघाचा एक मार्क

१८ फेब्रु., मंगळ.
सेंटरला जाऊन आलो, दोघंही. साठीपुढच्या निरोगी माणसांची स्मरणशक्ती आणि जनुकं, असा त्यांचा अभ्यास आहे. हौस अरविंदची. "नाहीतरी रिटायर होऊन आपण काय करतोय? सायन्सच्या तरी उपयोगी पडू." आधी रक्त, मग नळीत लाळ. लाळेआधी चहा बंद, त्यामुळे माझं डोकं तापलेलं. मग वेगळ्या खोल्यांत प्रश्न. मला एक जास्तीचा फॉर्म: गेल्या काही वर्षांत नवऱ्यात काय फरक पडला? पंधरा-सोळा प्रश्न. सगळीकडे 'फरक नाही' वर टिक. दोन मिनिटांचं काम.

२१ फेब्रु., शुक्र.
प्रीतीचा फोन. मंगळवारी अरविंदची परीक्षा घेणारी मुलगी, पानिपतची, पीएच.डी. करते. म्हणाली, अरविंद एका मार्कानं राहिला. आता निरोगी गटातून काढून 'सौम्य बिघाड' गटात टाकणार.

कुठे गेला मार्क?

"अंकल ने महीना ग़लत बताया, आंटी. देसी महीना पूछा था, उन्होंने माघ बोला. अभी तो फागुन चल रहा है."

हा माणूस रोज कॅलेंडरवरची तिथी वाचून मग दाढीला बसतो. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या उत्तरेकडच्यांचा पौर्णिमेला. मंगळवारी पौर्णिमा होऊन सहा दिवस झाले होते. इथल्यांचा फाल्गुन लागला, आमचा माघ चालू. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारीण म्हणायची महाशिवरात्र फाल्गुनात, मी म्हणायचे माघात, आणि एकाच दिवशी दोघी उपाशी. एवढं त्या शेजारणीला कळत होतं. संशोधकांना नाही.

अरविंदला अजून सांगितलेलं नाही.

२४ फेब्रु., सोम.
भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं आणि मेट्रोनं सेंटरला गेले. तिथल्या मुख्य डॉक्टरबाईंना कॉन्व्हेंटचं सगळं इंग्रजी ऐकवलं. प्रीती मात्र कॅलेंडर बराच वेळ बघत राहिली. मग हळूच, "यार, फिर तो उस गुजराती आंटी का नंबर भी मैंने काट दिया होगा." आता जुने सगळे कागद पुन्हा तपासणार म्हणते. मुलगी प्रामाणिक आहे.

मार्क दिला. खोडलं नाही. चुकीवर एक रेघ, शेजारी बरोबर मार्क, सही, तारीख. "मिटाते नहीं हैं, आंटी. ग़लती भी दिखनी चाहिए." शाळेत सिस्टर हेच शिकवायच्या. रबर सापडलं तर जप्त.

मग प्रीतीनं चहा पाजला. लाळेत ते जे जनुक शोधतात, त्याचे तीन प्रकार असतात म्हणे. त्यातला धोक्याचा तोच सगळ्यात जुना, बाकीचे दोन माणसात नंतर आले. म्हटलं, सासरकडचं जुनं सगळं आजवर मीच सांभाळलंय, त्यात हे एक. हसली. मग म्हणाली, "आपका फ़ॉर्म इतना साफ़ था, इसीलिए अंकल का स्कोर देखके मुझे भी अजीब लगा था."

चहा अर्धा राहिला.

२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र.
अरविंदनं विचारलं, साबुदाणा भिजवलास का? तीनदा. तिसऱ्यांदाही मी चिडले नाही. त्यावरून कळलं, मला सवय झाली आहे.

दुपारी सईचा पुण्याहून फोन. "आई, जिंकलीस ना तू? मग आता सोड ना. बाबा ठीक आहेत ना?" म्हटलं, बिल्कुल.

बत्तीस वर्षं सरकारी सर्वेक्षणात काढली, लोकांनी भरून आणलेले फॉर्म तपासण्यात. वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात टिका दिसल्या की समजायचं, गडी घरी बसून भरतोय. एकाला तर मे महिन्यात पुन्हा त्याच गावी पाठवला होता. रडकुंडीला आला होता, तरी दया दाखवली नाही. माझा त्या मंगळवारचा फॉर्म माझ्या टेबलावर आला असता तर…

एक आजारी माणूस निरोग्यांत बसवला तर त्यांची सगळी तुलना बिघडते. हे मला कोणी समजवायला नको.

पण म्हणून आपल्या माणसाला आपणच

१ मार्च, शनि.
कालपासून आमचाही फाल्गुन. आता पौर्णिमेपर्यंत दोघांचं जमेल.

सकाळी गॅसवर रिकामं पातेलं. अरविंद शेजारीच उभा, पेपर वाचत. मी गॅस बंद केला. मग बाल्कनीत जाऊन प्रीतीला फोन. माझा फॉर्म घेऊन ये. "कुछ छूट गया था, आंटी?" म्हटलं, हो.

५ मार्च, बुध.
प्रीती दुपारी घरी आली. जेवणाच्या टेबलावर फॉर्म, समोर अरविंद मटार सोलत. शाईचं पेन काढलं. नुकतंच सांगितलेलं लक्षात राहणं: रेघ, शेजारी 'फरक पडला', सही, तारीख. वस्तू कुठे ठेवली ते आठवणं: रेघ. सुरू केलेलं काम पुरं करणं: रेघ. तारीख-महिना लक्षात असणं: ती टिक तशीच ठेवली. तो मार्क खरा आहे.

"काय खोडतेस?"

"खोडत नाहीये. दुरुस्त करतेय."

त्यानं हात पुसले, चष्मा लावला, फॉर्म स्वतःकडे फिरवला. सावकाश सगळा वाचला. मला वाटलं, आता चिडेल.

"अकरावा राहिला."

अकरावा: ओळखीच्या रस्त्यानं घरी परत येणं.

"जानेवारीत दूध आणायला गेलो होतो ना. गेटवरच्या गार्डनं आणून सोडलं. तुला म्हटलं, रांग होती."

पेनासाठी हात पुढे केला. प्रीती म्हणाली, "अंकल, ये आंटी को ही भरना है." तिचे डोळे फॉर्मवरून हलेनात.

"मग मार तूच," मला म्हणाला, आणि पुन्हा मटार घेतले.

कुठल्या गटात जाणार, प्रीतीनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

अकराव्यावर रेघ मारली. सही केली. तारीख लिहिताना आठवेना, भिंतीकडे मान वळवली.

"पाच मार्च," अरविंद शेंगांतून वर न बघता म्हणाला. "फाल्गुन शुद्ध षष्ठी."