अंगावरचा कपडा

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार, आणि मागोमाग भांडण!

दादाने कळवलं, तुम्ही गोळ्या बंद केल्यात. वर त्यालाच ऐकवलंत, "देह म्हणजे जुना कपडा, आत्मा थोडाच मरतो?"

मी इथे इस्पितळात वारलेल्या माणसांना शेवटची अंघोळ घालते. पाणी कोमटच घेते. सोबतची हसली, "त्यांना काय कळतंय?" म्हटलं, "आमचे बाबा टाकायचा कपडाही धुऊन, घडी घालून ठेवतात." आता तीही पाणी कोमट करते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, तुमचा कपडा अजून अंगावर आहे. उसवला तर टाका घालायचा. माझं कर्तव्य मी करतेय, तुमचं तुम्ही करा: गोळी घ्या. आणि मोक्षाला सांगा, जरा थांब, लेक यायचीय.

तुमचीच भांडखोर,
धाकटी