झाकणावरचा वरवंटा

अण्णा, माझ्या सुनेनं परवा स्वयंपाकघरात आणखी एक यंत्र आणून ठेवलंय. त्यात डाळ-तांदूळ घालायचे, पाणी ओतायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. शिजलं की ते लाडात येऊन गाणं वाजवतं. मुलानं माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलंय, ते काळजाचे ठोके मोजतं आणि मी जरा जास्त वेळ बसले की उठा म्हणून थरथरतं. आधी तुम्ही आणि आई, मग सासूबाई, जन्मभर सगळे मला उठ उठ म्हणत आलात, आता म्हातारपणी घड्याळही तुम्हाला सामील झालंय. मी हसते आणि सगळं वापरतेही. फक्त त्या भाताच्या यंत्राचं झाकण बंद झालं की माझा पाय तिथं ठरत नाही. सून म्हणते, आई, त्यात काही होत नाही हो. होत नाही हे मलाही ठाऊक आहे.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात तुम्ही नगरहून कुकर आणलात. आपण तेव्हा साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो आणि तुम्ही बॉयलरवर कामाला होतात. तोवर आईचा भात चुलीवर, पितळी पातेल्यात व्हायचा. उकळी आली की झाकण नाचायला लागायचं, मग ती पाट्यावरचा वरवंटा उचलून झाकणावर ठेवायची. वाफ कडेनं वाट काढून जायची आणि भात मुरायचा. तिच्या आईनंही तसंच केलेलं. तुम्ही मात्र नव्या स्टोव्हवर तो कुकर चढवलात, चाळीतल्या चार घरांना बोलावलंत आणि साहेबाच्या थाटात भाषण ठोकलंत, की हा आपला घरातला बॉयलर. पहिली शिट्टी झाली आणि आई पदर सावरत थेट अंगणात. तुम्ही पोट धरून हसलात. तेव्हापासून कुकर लावला की ती सूप घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर निवडायला बसायची. शेजारच्या बायकाही यायच्या, शिट्टी ऐकायला. तुम्ही तिला भित्री म्हणायचात आणि ती निवडता निवडता म्हणायची, "जे आत काय चाललंय ते बघू देत न्हाई, त्याचा काय भरवसा?"

हंगाम सरत आला तसं तुमचं चिडवणं थांबलं. मला ते आधी बरं वाटलं, मग वाटेना. कामावरून आलात की तुम्ही गप्प. आम्ही जेवायला बसलोय, तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलाय, आत कुकर फुसफुसतोय आणि तुमचा हात तिथंच थांबलाय. शिट्टी होऊन गेली की मग घास तोंडात. आईनं विचारलं तर म्हणायचात, कुठं काय. कारखान्याची धडधड चोवीस तास चालायची, फळीवरची भांडी तिनं सतत किणकिणत असायची, आम्हाला ती ऐकूही येत नसे. त्या दिवसांत तुम्ही मात्र मान वळवून ती ऐकत बसायचात. तुमच्याकडं बघून मीही ऐकायला लागले आणि मला उगाचच धास्ती वाटायची.

मग तो दिवस. माझ्या धाकट्या भावाला ताप होता, रात्रभर रडून तो सकाळी कुठं झोपला होता. तुमची दुपारची पाळी, म्हणून आईनं कुकर चढवला. शिट्टीनं पोर उठेल, एवढंच तिच्या मनात. तिनं जन्मभर जे केलं तेच केलं. वरवंटा उचलला आणि शिट्टीवर नीट बसवून ठेवला. तुम्ही आंघोळ करून पंचा गुंडाळून आत आलात आणि दारातच थबकलात. मग स्टोव्हची हवा सोडलीत, वरवंट्याला हातसुद्धा लावला नाहीत, झोपलेलं पोर उचललंत आणि आईचं मनगट धरून तिला ओढत बाहेर आणलंत. माझ्यावर ओरडलात तेवढंच, बाहेर हो. कुकर निवेपर्यंत आपण सगळे ओट्यावर बसलो. आता आईला बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसले होते. शेवटी आईच म्हणाली, पातेल्यावर ठेवते तसाच तर ठेवला.

"तुला न्हाई बोलत," तुम्ही म्हणालात. "आमच्या बॉयलरवर बी असंच करून ठेवलंय."

मग हळूहळू सगळं सांगितलंत. बॉयलर जुना झालेला. दाब वाढला की त्याची सेफ्टी, म्हणजे जादा वाफ सोडणारी झडप, आपोआप उघडायची आणि वाफ वाया जायची, गाळप मंदावायचं. फाटकाबाहेरच्या अड्ड्यावर गाड्यांत ऊस वाळत पडलेला. म्हणून कुणीतरी सेफ्टीच्या दांडीला आणखी एक लोखंडी वजन अडकवलं, ती उघडूच नये म्हणून. तुम्ही साहेबांना दोनदा सांगून आलात. ते म्हणाले, हंगाम आटोपला की बघू. आईनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आज जाऊ नका तुमी."

"मी न्हाई गेलो तर दुसरा कुणीतरी त्याच्यापुढं उभा करतील."

पण तुम्ही लगेच उठला नाहीत. माझा हात तुम्ही हातात धरला होता आणि तुमचा तळवा ओला होता, आंघोळीचं पाणी केव्हाच वाळलं होतं तरी. पाळीचा भोंगा झाला. तुम्ही कपडे चढवलेत आणि निघालात. जेवला नाहीत.

उन्हं कलायच्या आत भोंगा पुन्हा वाजला. ती कुठल्याच पाळीची वेळ नव्हती आणि तो थांबेना. आई अनवाणी पळाली, तिच्यामागं चाळीतल्या सगळ्या बायका, जिच्या तिच्या घरचं माणूस आतच होतं. नंतर समजलं ते असं. दाबाचा काटा चढत चालला होता. खालच्या माणसांना तुम्ही चहाला म्हणून बाहेर पाठवलंत, शिडीनं वर गेलात आणि ते वजन काढलंत. इतके दिवस कोंडलेली वाफ एकदम तुमच्या अंगावर सुटली. बॉयलर जागच्या जागी राहिला. माणसंही राहिली. तुम्हाला कारखान्याच्या जीपमधून नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथून तुम्ही परत आला नाहीत.

शोकसभेत साहेब म्हणाले की या माणसाला भीती ठाऊकच नव्हती. पुढं मीही माझ्या मुलांना तसंच सांगत आले, नातवाला अजून सांगते, त्याला ती गोष्ट फार आवडते. अण्णा, ते खरं नाही. तुम्ही भ्याला होतात, आणि ते फक्त आईला आणि मला माहीत होतं. आई गेली, आता मला एकटीलाच आहे. मला तुमचा अभिमान वाटतो असं सगळ्यांना वाटतं. वाटतोही. पण त्याहून जास्त राग येतो. तापातल्या पोराला, बायकोला, मला ओट्यावर बसवून तुम्ही उठलातच कसे?

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, टपालाच्या पेटीतही टाकणार नाही. तुमच्याबरोबर त्या पाळीला असलेल्यांची मुलं-नातवंडं आता चांगल्या नोकऱ्यांत आहेत. राहात्याच्या बाजारात भेटली की वाकून माझ्या पाया पडतात, तुमची लेक म्हणून. मी डोक्यावर हात ठेवते, सुखी राहा म्हणते. आणि दर वेळी, हात त्यांच्या डोक्यावर असतानाच, मनात येतं की त्या दुपारी तुम्ही घाबरून घरी बसायला हवं होतं.