वंडूरच्या बसमधली पिशवी

आई, परवा ऑफिसातल्या एका मुलीनं मला विचारलं की अंदमानला ट्रॅव्हल कंपनीशिवाय, आपलं आपण जाता येतं का. मी म्हटलं, न यायला काय झालं? सकाळी लवकर जेट्टीवर जाऊन बोटीच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं, बेटावर उतरलं की सरकारी बस कुठं लागते ते विचारायचं, परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी पक्कं करायचं आणि मगच समुद्राकडे बघायचं. एकच प्रश्न दोघातिघांना विचारायचा, आणि उत्तरं जुळली तरच पाय उचलायचा. ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" आईनं, म्हटलं. तिला वाटलं तू कुणी मोठी हिंडलेली बाई असशील. अंदमानला जाईपर्यंत तुझा लांबात लांबचा प्रवास म्हणजे भिंगारहून शेवगावला माहेरी, हे काही मी तिला सांगत बसले नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला कँपातल्या लष्करी डेपोत घेतलं आणि तू तंबू शिवायला लागलीस. चार वर्षांतून एकदा सरकारी खर्चानं भारतात कुठंही जायची सवलत होती. तुझ्याबरोबरच्या बायका ती तिरुपतीला नाहीतर कन्याकुमारीला जाऊन वापरायच्या, त्याही गटागटानं. तू अंदमान धरून बसलीस, कारण डेपोतल्या एका सुभेदारानं तुला सांगितलं होतं की तिथं सगळे हिंदी बोलतात. पण जायचंच का, याचं कारण आमचे काका. माझी बारावीची परीक्षा जवळ आली होती, आणि मला पुण्याला होस्टेलवर ठेवून फार्मसी शिकवायचं तू मनात घेतलं होतंस. बाबांच्या मागं धाकट्या काकांचा शब्द घरात चालायचा आणि त्यांनी राहुरीचं स्थळ आणलं होतं. ते स्वयंपाकघरात जेवायला बसलेत, तू स्टोव्हसमोर भाकरी थापतेयस, आणि ते म्हणतात, "वैनी, ह्या पोरीनं अजून माळीवाड्याच्या स्टँडवरनं एकटीनं गाडी धरली न्हाई. ती पुन्यात काय ऱ्हानार?"

तू भाकरी उलटून घेतलीस, मग म्हणालीस, "भावजी, आमी दोघी अंदमानला जाऊन येतो. संगं कुनी न्हाई. नीट गेलो-आलो, तर पोरगी पुन्याला जाईल. न्हाई जमलं, तर राहुरीला हो म्हना." काका हसले. दौंडवरनंच परत येतील, असा त्यांचा हिशेब असावा. पण ते मान्य करून बसले, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते, हे मात्र खरं.

माझी परीक्षा संपल्यावर निघालो. दौंडहून मद्रास, मद्रासहून जहाज. जहाजात मी ओकून अर्धी झाले, तू मात्र माझं डोकं मांडीवर घेऊन त्रिशरण पुटपुटत खुशाल बसलेली. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तुझी कँपातली हिंदी जी सुटली ती सुटलीच. बंगाली मावशीशी, तमिळ चहावाल्याशी, रांचीकडच्या हमालाशी तू एकाच हिंदीत बोलायचीस, आणि चुका त्या हिंदीत एवढ्या होत्या की समोरच्याला स्वतःच्या हिंदीची लाज वाटत नसे. हॅवलॉकला बोटीनं गेलो, तिथल्या खडखड्या बसनं पार टोकाच्या वाळूपर्यंत गेलो. तू गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "एवढं पानी, आन् घोटभर पिता येत न्हाई. मंग आपल्या पाथर्डीत न् हितं फरक तो काय?" सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तुला जरा गर्वच झाला होता. झाला होता की नाही, खरं सांग.

मग तो वंडूरच्या किनाऱ्यावर जायचा दिवस. बस पोर्ट ब्लेअरच्या स्टँडवर उभी आहे, आणि तू माळीवाड्यावर करतेस तेच करतेस. खिडकीजवळ जाऊन पिशवी आत सीटवर टाकतेस. आपल्याकडं रुमाल टाकला की जागा आपली, आणि जागा आपली म्हणजे गाडी आपल्यावाचून कशी जाईल? कंडक्टर चहा पिणार, ड्रायव्हर पान खाणार, आत भांडणं होणार, तोवर आपणही चहा घेऊन यायचा. बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या होत्या, पण सवय ती सवय. आम्ही चहा सांगितला. बस वेळ झाल्याबरोबर निघून गेली. चहावाला म्हणाला, "अम्मा, इधर गाड़ी टाइम पे जाता है."

पिशवीत परतीची जहाजाची तिकिटं होती. शिंगणापूरची बिनदाराची घरं तू पाहिली होतीस, पण लॉजच्या कुलपावर तुझा विश्वास नव्हता, म्हणून तिकिटं सगळीकडं बरोबर हिंडायची. ती गेली म्हणजे ठरलेलं जहाज गेलं, तुझी रजा उलटली, काकांना तार करायची वेळ आली, आणि राहुरीचा मांडव उभा राहिला. तुझ्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. मी म्हटलं, पुढच्या बसनं दोघी जाऊ. तू मान हलवलीस. "तू जा. मी हितं थांबते. ती गाडी फिरून हितंच येनार, मधी चुकामूक नको." मी एकटी? "मंग काय वाजंत्री लावू?"

मी गेले. ड्रायव्हरला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, अगदी तुझ्यासारखं. रस्त्याच्या कडेला सुपारीची झाडं, मध्येच खाडीचं पाणी, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. वाटेत तीच बस समोरून परत येताना दिसली. आमच्या कंडक्टरनं हात करून ती थांबवली, दोघांचं खिडकीतून बोलणं झालं. कुणा म्हातारीनं पिशवी शेवटपर्यंत मांडीवर सांभाळली होती आणि वंडूरच्या चहाच्या टपरीवर ठेवून ती घरी गेली होती. टपरीवर पिशवी खिळ्याला लटकलेली होती, जुन्या तंबूच्या खाकी कापडाची, तुझ्या हातची दुहेरी शिवण. मी ती घेऊन आले. तू स्टँडवर त्याच खांबाशी उभी होतीस, बाकावरच्या ग्लासातल्या चहावर साय धरली होती. तू तिकिटं पाहिलीस, पिशवी माझ्याच खांद्याला अडकवलीस आणि म्हणालीस, "चल, भूक लागली आसंल."

घरी आल्यावर काकांपासून तू पिशवी बसबरोबर गेल्याचं लपवलं नाहीस. "ती एकटी गेली आन् घिऊन आली," एवढं वर सांगितलंस. काका राहुरीला नकार कळवतो म्हणाले. जूनमध्ये मी पुण्याला गेले. पहिलं वर्ष रडून काढलं, नंतर रुळले. नोकरीनं मला पुष्कळ गावं दाखवली, दोन-चार देशही. तू भिंगारच्या त्या क्वार्टरमध्ये एकटी राहिलीस, एकटीनं जेवलीस, रिटायर झालीस आणि एक दिवस कुणाला न सांगता गेलीस. तुझी आठवण मला मुख्यतः रागानं येते, कारण आजारी असल्याचं तू मला कळवलं नव्हतंस.

हे लिहून झालं की मी फाडणार आहे, म्हणून सांगते. बस पिशवी घेऊन गेली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. वाटलं, सुटले, आता पुणं नको, आता राहुरी, म्हणजे तुझ्यापासून एसटीनं एवढ्याशा अंतरावर. टपरीपाशीही मी लगेच पिशवी मागितली नाही. आपली नसल्यासारखी तिच्याकडं बघत उभी राहिले. सापडली नाही, असं मी येऊन म्हणाले असते तर तू विश्वास ठेवला असतास. मग तू तिकडं पाण्याचा घोटही न घेता उभी असशील हे डोळ्यांसमोर आलं आणि मी हात पुढं केला. मला तुला सोडून कुठंच जायचं नव्हतं, आई. तू विचारलं असतंस तर मी तसं सांगितलंही असतं. विचारलं नाहीस, ते बरं केलंस.