टपालची साखळी कुणी सोडली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय कवळ्या बनवणे (आता बंद), माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाले आहे. मी घाबरलेली नाही. दमले आहे. हे दोन वेगळे प्रकार आहेत. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कुणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

वकीलबाईंनी सगळा मजकूर टंकलिखित करून दिला होता. पण त्यांच्या भाषेत मी मलाच ओळखू येईना, म्हणून हाताने लिहीत आहे. जिथे खाडाखोड झाली आहे तिथे बाजूला सही केली आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पोटमाळा आणि मागची कामाची खोली, माझ्या मुलीला द्यावे. ती विकणार हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल राग नाही. फक्त छपराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातून पाणी येते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. यजमानांनी तो कोपरा तीनदा दुरुस्त केला आणि तीनदा तो गळला. ते गेल्यावर मी तिथे बादली ठेवली. बादली चांगली आहे, ती घराबरोबर जाऊ द्यावी. बँकेत जे निघेल तेही मुलीचे. त्यावरून कुणी भांडावे इतके ते नाही.

कलम २. कामाच्या खोलीतली पॉलिशची दोन यंत्रे, मेणाचा दिवा, सगळ्या कोरण्या आणि दातांच्या रंगांची पेटी माझ्या सहकारिणीला द्यावी. ती माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षे बसली. काम करताना ती गुणगुणायची आणि मी तिला गप्प बस म्हणायची. आता हवे तितके गुणगुणावे. फळीवर प्लास्टरचे जे जबडे मांडलेले आहेत ते गावातल्या माणसांचे आहेत. त्यातले अर्धे मालक आता नाहीत. जे आहेत त्यांनी महिन्याभरात आपापला जबडा घेऊन जावा, उरलेले फोडून बागेत टाकावेत. निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीतला पुढचा दात वाकडा आहे तो त्यांच्याच हट्टाने. "माझा होता तसाच हवा," असे ते म्हणाले होते. पुढे गावभर माझ्या कामाला नावे ठेवत फिरले. ती चूक माझी नाही, याची इथे नोंद असावी.

कलम ३. जावयांना यजमानांचा चामडी खोका आणि त्यातले बुटांचे ब्रश द्यावेत. मागच्या खेपेला ते मला म्हणाले, "आई, हल्ली या कुत्र्यांची सोय लावता येते. एक सुई. दुखत नाही." त्या वेळी भोपळ्या त्यांच्याच बुटावर हनुवटी टेकून झोपला होता. जावई माणूस वाईट नाहीत. त्यांना घाई असते.

कलम ४. माझी दोन कुत्री. गुंडी, वय तेरा, दोन्ही कानांनी बहिरी. तिला मागून हात लावू नये, दचकते. समोर जाऊन जमिनीवर दोनदा पाय आपटावा. भोपळ्या, वय चौदा, मागचे पाय गेल्यात जमा. सकाळी उठायला त्याला वेळ लागतो. त्याच्या पोटाखाली हात घालून फक्त आधार द्यावा, उचलू नये. उचलले की तो तोंड फिरवून बसतो. दोघांनाही मी ती मोठी झाल्यावरच आणले, कारण तोवर मला पिल्लू वाढवण्याचा कंटाळा आला होता. आम्ही तिघे दर वर्षी खिंडीखालच्या उतारापर्यंत जातो. पूर्वी दोन तास लागायचे, आता पाच लागतात. दर दहा पावलांवर कुणीतरी एक बसतो, बहुतेक वेळा मीच.

ही दोन्ही कुत्री माझ्या धाकट्या भावाला द्यावीत, तो घेत असेल तर. हा कागद लिहायला घेतला तेव्हा तो घेईल की नाही हे मला माहीत नव्हते. त्याने नाही म्हणावे यासाठी त्याच्याकडे चांगले कारण आहे. ते कारण पुढच्या कलमात लिहीत आहे. ते कलम वकीलबाईंच्या मसुद्यात नव्हते.

कलम ५. बारा वर्षांपूर्वी, थंडी पडायला लागण्याच्या सुमारास, मी, माझा भाऊ आणि माझा तेव्हाचा कुत्रा टपाल असे तिघे त्या उतारावर गेलो होतो. भाऊ वनखात्याकडून डोंगरवाटांची देखभाल करत असे. पडलेली झाडे बाजूला करायची, ओहोळांवरच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, आणि वाट चुकू नये म्हणून दगडांवर पिवळ्या खुणा रंगवायच्या. गावात त्याला सगळे रंगारी म्हणत. या कामाशिवाय त्याला आयुष्यात दुसरे काही करायचे नव्हते. टपाल बारा वर्षांचा होता. एका सकाळी पत्रे वाटणाऱ्याच्या मागोमाग आमच्या दारात आला आणि राहिला, म्हणून ते नाव. त्याचे निम्मे दात पडले होते. जन्मभर मी माणसांना दात करून दिले, त्याला काही देता आले नाही. पण डोंगराचा वास आला की तो अजूनही खांदा उखडेल इतका ओढायचा.

उताराच्या पायथ्याशी पाटी आहे. हा अस्वलांचा भाग आहे, कुत्री साखळीनेच न्यावीत. ती पाटी भावानेच रंगवली होती.

सकाळचे दहा वाजले असतील. भाऊ वीसेक पावले पुढे होता. ओल्या मातीत वाकून बघत तो म्हणाला, "ताई, साखळी सोडू नकोस हं. पाऊल ताजं आहे. पिल्लूही दिसतंय बरोबर."

"हो," मी म्हटले.

मग तो वळणाआड गेला. माझा गुडघा ठणकत होता, हात भरून आला होता. टपालने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मनात आले, म्हातारा झालाय, जाऊन जाऊन जाणार कुठे, दोन मिनिटे मोकळा चालू दे बिचाऱ्याला. मी कडी उघडली. मी उघडली. हे वाक्य बारा वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे, म्हणून दोनदा लिहिले.

तो झुडपांत शिरला. रानफळांनी लगडलेली झुडपे होती ती. आधी भुंकणे ऐकू आले, मग काहीतरी मोडल्याचा आवाज. लोकांना वाटते कुत्रा अस्वलाला हुसकावून लावतो. तसे होत नाही. कुत्रा घाबरतो आणि जीव वाचवायला आपल्या माणसाकडे पळत येतो, आणि अस्वलाला बरोबर घेऊन येतो. टपाल माझ्याकडेच धावत आला. मागे ती मादी. वळणावरून भाऊ ओरडत आला, "ताई, खाली बस! खाली!" आणि आमच्या मध्ये उभा राहिला. तिखटाचा फवारा त्याच्या उजव्या हातात होता. डावा हात त्याने पुढे धरला. फवारा लागला, ती वळली आणि गेली, पण तोवर टपाल तिच्या पंजाखाली सापडला होता आणि भावाच्या डाव्या हाताचे जे व्हायचे ते झाले होते. हे सगळे एक कवळी घासायला लागते त्याहून कमी वेळात झाले.

खाली पोचल्यावर भावाला दवाखान्याच्या गाडीत घालून नेले. त्याला शुद्ध नव्हती. वनरक्षक वही उघडून माझ्यासमोर उभा राहिला. टपाल माझ्या मांडीवर होता, माझ्या कोटात गुंडाळलेला. गेला होता, पण अंग अजून गरम होते.

"बाई, कुत्रा मोकळा कुणी सोडला?"

"त्याने," मी म्हटले.

हे मी विचार करून बोलले नाही. पण त्यानंतर बारा वर्षे विचार करूनच गप्प राहिले.

त्याचे परिणाम असे झाले. माणसावर हल्ला केला म्हणून खात्याने ती मादी शोधून मारली. पिल्लाला कुठल्याशा पिंजऱ्यात नेले. ज्याने पाटी लावली त्यानेच नियम मोडला, म्हणून भावाची नोकरी गेली. गावातली माणसे त्याला बघून रस्ता बदलत. अस्वल त्याच्यामुळे मेले, असे पोरेबाळेसुद्धा म्हणत. दवाखान्यातून सुटल्यावर तो एकदाच माझ्या दाराशी आला. हात खांद्यापर्यंत बांधलेला. आत आला नाही. "ताई, साखळी तुझ्या हातात होती," एवढेच म्हणाला.

मी म्हटले, "तुला नीट आठवत नाही. तू शुद्धीवर होतास कुठे?" आणि दार लावले.

त्याने ही गोष्ट दुसऱ्या कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर मला सोपे गेले असते, मला त्याच्याशी भांडता आले असते. तो खालच्या शहरात गेला आणि काचा कापण्याच्या दुकानात लागला. मीच सगळ्यांना सांगत राहिले की भावाने संबंध तोडले.

कलम ६. हे आताच का लिहावेसे वाटले, तेही लिहिते. गेल्या महिन्यात गुंडी, भोपळ्या आणि मी त्याच उतारावर होतो. दोघांच्या साखळ्या माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या, कारण हातावर माझा विश्वास उरलेला नाही. आम्ही बसलो होतो. ओहोळाच्या पलीकडे, शंभरेक पावलांवर, अस्वल होते. एकटेच, रानफळे खात. गुंडीला पत्ताच नाही, ती माझा बूट हुंगत होती. भोपळ्याने पाहिले. त्याची मान ताठ झाली, घशातून थोडा आवाज आला, साखळी एकदा ताणली गेली. मी ती घट्ट धरली. मग तो दमला आणि पुन्हा बसला. अस्वलाने मान वर करून आमच्याकडे बघितले. तीन म्हातारे जीव. त्यात त्याला काही विशेष वाटले नसावे. ते खात खात वर चढत गेले आणि दिसेनासे झाले.

एवढेच झाले. काहीच झाले नाही. बारा वर्षांपूर्वीही एवढेच झाले असते. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. समोरच्या दगडावर भावाची पिवळी खूण होती. आता ओळखू येते न येते इतकी फिकट. त्याच्यानंतर कुणी रंग दिलेला नाही.

कलम ७. कलम ५ ची नक्कल माझ्या मरणानंतर खात्याच्या कार्यालयात द्यावी आणि गावच्या फलकावर लावावी, असे मी आधी इथे लिहिले होते. वकीलबाईंनी वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "आजी, मेल्यावर कशाला? मेल्यावर तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?"

"म्हणूनच," मी म्हटले.

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या.

त्या मजकुरावर मी काट मारली आहे. बाजूला सही आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी स्वतः खात्याच्या कार्यालयात गेले आणि जबाब लिहून दिला. तिथल्या बाईंनी जुनी फाइल शोधायला तासभर घेतला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या की नोंद दुरुस्त होईल, पण नोकरी परत देता येणार नाही, वयही निघून गेले आहे. ते मला माहीत होते. जबाबाची एक प्रत मी गावच्या फलकावर माझ्या हाताने लावली. पाववाल्याने ती वाचली आणि त्या दिवशी मला पाव देताना तो काही बोलला नाही. रोज बोलतो. हे माझ्या वाट्याचे आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. दुसरी प्रत मी भावाला पत्राबरोबर पाठवली. पत्रात कुत्र्यांबद्दल लिहिले, त्यांची नावे, वये, खोडी. त्याने ती घ्यावीत असे लिहायची हिंमत झाली नाही. माझ्यानंतर त्यांना कुणी नाही, एवढेच लिहिले.

काल दुपारी फोन वाजला.

"ताई."

आवाज म्हातारा झाला होता. मी खुर्चीत बसले.

"पत्र मिळालं," तो म्हणाला. "पाच दिवस वाचतोय."

"मी तुझं फार..."

"थांब. ते नको आत्ता."

मी थांबले. त्याच्यामागे काच कापल्याचा आवाज येत होता.

"त्या भोपळ्याला जिने चढता येतात का?" त्याने विचारले. "मी दुसऱ्या मजल्यावर राहतो."

"नाही येत. न्यावं लागेल उचलून. बावीस किलो आहे तो."

"माझ्या डाव्या हाताची पकड बसत नाही." हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. "झोळी लागेल."

"मी शिवते."

"कापड जाड घे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि या कागदात तसे कुणी वाचू नये.

तरी कलम ४ कायम समजावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्यासाठी काही वेगळे करू नये, फलकावर दोन ओळी पुरेत.

झोळी आज सकाळी शिवून झाली. ताडपत्रीचे जाड कापड आहे, शिलाई दुहेरी. पट्टा दोन्ही खांद्यांवरून पाठीमागे नेला आहे, म्हणजे सगळे वजन पाठीवर येईल आणि त्याच्या डाव्या हाताला काही करावे लागणार नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि ते खरे आहे.

(सही) लिहून ठेवणारी

आमच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार १. (सही) पशुवैद्य, खालच्या रस्त्यावरचा दवाखाना
साक्षीदार २. (सही) पाववाला, वळणावरचे दुकान

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता