रिकाम्या मजल्यांची ऊब

शॉमबर्ग, २१ जानेवारी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा खोकला कसा आहे?

काल उणे पंचवीस होतं. वीज कमी पडली म्हणून वीज कंपनीने मोठ्या इमारतींना वापर घटवायला सांगितलं. आमच्या इमारतीचं हीटिंग माझ्याकडे असतं, म्हणून मॅनेजरने मला तळघरातलं कमी करायला सांगितलं. तिथे सफाईच्या बायका काम करतात. वरचे चार रिकामे मजले मात्र गरम ठेवायचे, नवे भाडेकरू बघायला येणार म्हणून.

मी म्हटलं, "माणसं आहेत तिथलं कमी करणार नाही." रिकाम्या मजल्यांचं केलं. कपात पूर्ण झाली, तरी आज वॉर्निंग लेटर हातात दिलं. मी सही केली नाही.

आईला इतक्यात सांगू नका. नोकरी गेली, तर मीच सांगेन.

तुमची,
ऋजुता