ह्यांनी दिलेले दहापैकी दहा

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार

चि. सौ. अस्मितास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे सुहासिनीचे, भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? पाण्याचा टँकर वेळेवर येतो ना? (वाघोली पुण्यातच येते असं तुमचा बिल्डर सांगतो. आमच्या पेठेतून ती अजून परगावीच आहे, म्हणून पत्र.) माझी काळजी करू नकोस. परवाच्या तपासणीत छातीतली गाठ निम्म्याहून लहान झालेली दिसली. डॉक्टर हसले. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच हसले, तेव्हा खरंच असणार. मला तर रस्त्यातच पेढे वाटावेसे वाटले.

मधे जो गोंधळ झाला तो मात्र दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. केमो सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलनं फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. दर सोमवारी ते विचारतं, थकवा किती, दुखतं किती, धाप लागते का. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. आता तूच सांग, परक्या माणसानं 'कशा आहात' विचारलं तर आपल्या घरात काय उत्तर देतात? उत्तम. आईनं हेच शिकवलं. जुलाबांची चौकशी करणाऱ्या यंत्राला मी काय घरातलं समजू? सगळीकडे शून्य टाकायचं आणि फोन बाजूला ठेवायचा. तिथली शेफाली सिस्टर नंतर म्हणाली, "काकू, आमच्या कॉम्प्युटरच्या मते तुम्ही माझ्यापेक्षा फिट होतात."

तिसऱ्या केमोनंतर तोंडात फोड आले, जिना चढताना धाप लागायला लागली, अंग कढत झालं. सोमवार आला, मी शून्य टाकायला बसले आणि ह्यांनी पाहिलं. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून महापालिकेला तक्रारी लिहिणं हा तुझ्या भावोजींचा एकमेव उद्योग. त्यांचा अनुभव असा, की गल्लीत एक खड्डा असेल तर चार लिहावेत, तेव्हा कुठे अर्धा बुजतो. त्यांनी फोन हिसकावला आणि सगळीकडे दहा! थकवा दहा, धाप दहा, उलट्या दहा (उलटी एकही नव्हती). शेवटी 'इतर काही' असं होतं, तिथे पेठेत पाणी कमी दाबानं येतं हेही लिहून टाकलं.

महापालिका वर्षभर पोचसुद्धा देत नाही. ह्या लोकांनी तासाभरात अँब्युलन्स पाठवली! ती गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावर भोंगा वाजवत उभी. मी केसांचा टोप शोधतेय, हे समोरच्यांना स्कूटर हलवायला सांगताहेत आणि समोरचे म्हणताहेत, "स्कूटर आमच्या हद्दीत आहे." अख्खी गल्ली गॅलरीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, जंतुसंसर्ग सुरू झालेला. आणखी एक दिवस 'उत्तम' राहिला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मग दोघांना समोर बसवून झापलं. पेशंट स्वतः जे सांगतो त्यावरून पुढे काय होणार याचा अंदाज त्यांना पुष्कळदा रिपोर्टच्याही आधी येतो म्हणे. पण बायकोनं लपवायचं आणि नवऱ्यानं फुगवायचं, तर कॉम्प्युटरनं काय करावं? हे म्हणाले, "सरासरी काढावी."

आठवडाभर सलाईनवर काढून सुखरूप घरी आले. आता आम्ही दोघं मिळून खरं लिहितो, म्हणजे वाद घालून. थकव्याला मी तीन म्हणते, हे सात म्हणतात, पाचावर तुटतं. वरणभाताला पुन्हा चव लागतेय. तेव्हा तू मुळीच धावत येऊ नकोस. तुझे गुडघे, तो नगर रस्ता, कशाला उगीच? इथे मला काही कमी नाही.

तुझी
ताई

ता. क. उत्तर फोनवर पाठवू नकोस. फोन ह्यांच्याकडे असतो आणि आलेलं सगळं हे मोठ्यानं वाचतात.

आणखी एक ता. क. त्या प्रश्नांत शेवटचा असतो, भीती किती वाटते. तो आला की हे चष्मा पुसायला लागतात, म्हणून मी चटकन शून्य टाकून मोकळी होते. खरा आकडा नऊ आहे. पुढच्या सोमवारी चौथी केमो. आदल्या दिवशी ये, आणि आपणहून आल्यासारखी ये.